चौदा तंबूंची जागा

शुक्रवारी दुपारी पलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर
विडीच्या धुराएवढं काहीतरी दिसलं.
मी तेव्हा तंबूच्या मेखा मोजत होते.
शनिवारचं बुकिंग फुल्ल, पुण्याचे बावीस, कराडचे नऊ,
आणि एक मेख नेहमीसारखी कमी.

ठकूबाई म्हणाली, "लांब हाय अजून."
चार वाजता म्हणाली, "येतंय."
पाचला काही बोलली नाही,
कोंबड्यांचं खुराडं तेवढं उघडून टाकलं.

हा आमचा माळ.
बामणोलीहून लाँच सुटली की डाव्या हाताला दिसतो तो.
गेळाखाली चूल, कड्याशी एक सपाट दगड,
त्या दगडावर आजवर तीन लग्नं ठरली, एक मोडलं,
आणि बँकेतले एक साहेब
पहाटे एकटेच बसून पोटभर रडले.
मागं देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा
आम्ही चुलीला आणत नाही.
खाली कोयनेचं पाणी,
मार्चात उतरलेलं, तरी डोळ्यात न मावणारं.

वर आग, खाली पाणी,
मध्ये साडेचारशे फुटांचा उतार
आणि आमच्याकडं अकरा कॅन.
पाणी नुसतं बघायचं असतं
हे धरणाखाली गाव गेलेल्यांना
नव्यानं सांगावं लागत नाही.

अंधार पडला तशी आगीची कड दिसू लागली.
नारंगी दोरा ओढून कुणीतरी
डोंगर उसवत चाललं होतं.
वाळलेली कारवी फुटत होती तडातड.
डुकरीण आली, मागं पाच पिल्लं,
स्वयंपाकाच्या शेडमधून सरळ निघून गेली,
एका भांड्याला धक्का न लावता.

तेवढ्यात फोन. रेंज यायची ती अशा वेळी.
"मॅडम, उद्या सनसेट क्लिअर दिसेल ना?"
म्हटलं, आत्ताच दिसतोय.

वनरक्षक जंगम आले, दोन मजूर, एक ब्लोअर.
ब्लोअरचं पेट्रोल तासाभरात संपलं.
मग निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन
झोडपलं, झोडपलं,
हाताची सालं निघेपर्यंत.
कुणी लावला, हे कुणी विचारलं नाही.
पुढच्या साली गवत जोमानं यावं
म्हणून ओढली असेल कुणी काडी.
नाहीतर त्या रविवारची ती मुलं,
पलीकडच्या सोंडेवर रात्रभर राहिलेली.
"शेकोटी विझवली ताई," म्हणाली होती.
मी जाऊन पाहिलं नव्हतं.

जंगमांनी बोट ओलं करून वाऱ्यात धरलं.
"फिरला तर राई जाणार," म्हणाले.
आणि मग, माळाकडं न बघता,
"लायटर आहे?"

होता. कॅम्पफायरचा. लांब दांड्याचा.

सात वर्षं ज्या गवतावर
लोकांना चपला काढायला लावल्या
त्याच्यापुढं मी उकिडवी बसले.
पहिल्यांदा पेटलं नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
माझाच हात आडवा येत होता.
ठकूबाईनं पदराचा आडोसा केला.

मग धावत गेलं ते माझ्यापासून,
चूल, गेळ, सपाट दगड ओलांडून,
वरून येणाऱ्या आगीच्या अंगावर.
दोघी भिडल्या,
उंच झाल्या माणसाच्या दुप्पट,
आणि खायला काही उरलं नाही हे कळल्यावर
खाली बसल्या.

रात्रभर टिटवी ओरडत फिरत होती.
तिला काय सांगणार.

सकाळी राई जागेवर होती,
कडेच्या पानांना पापडासारखी झळ लागलेली.
सातांतल्या चार कोंबड्या परतल्या.
माळ काळा, आणि त्या काळ्यात
चौदा फिकट चौकोन,
जिथं आमच्या तंबूंनी
कधीचंच गवत मारून टाकलं होतं
आणि आगीला न्यायला काही सापडलं नव्हतं.
मी त्या चौकोनांकडं फार वेळ बघू शकले नाही.

पुणेवाल्यांना फोन करायचा राहिलाच.
राखेतून चालताना पायाला टोचलं काहीतरी.
वाकून बघितलं तर मेख.
पुढं आणखी एक. दगडाच्या फटीशी दोन.
सात वर्षांत गवतात हरवलेल्या सगळ्या
उघड्या पडल्या होत्या.
गोळा केल्या ओच्यात. मोजल्या.
एकोणीस.
अजून गरम होत्या.